पालकांची सही

शाळेतनं कागद आलाय, गृहपाठाच्या वहीत डिंकानं चिकटवलेला,
एक कोपरा अजून ओला.
सेकंड शिफ्ट करून आलेला मी, रात्री साडेबाराला
बल्बखाली उभ्यानंच वाचतो:

पाण्याची टाकी धुतली. शनिवारी सकाळची शाळा.
तिसरीच्या वर्गात निळा स्वेटर सापडलाय,
ज्याचा असेल त्यानं बटणांचा रंग सांगून न्यावा.
खिचडीचा तांदूळ निवडायला दोन आया हव्यात.
चौथीतला हर्षल कुंभोजकर कुस्तीत जिल्ह्याला निवडला गेला.
आणि सगळ्यात खाली, अत्तार बाईंच्या हातचं, लाल शाईत:
रोज पंधरा मिनिटं मुलांसोबत वाचा.
कार्ड जोडलं आहे. पालकांनी सही करावी.

सही काय, येते मला.
गेटपासवर करतो, ओव्हरटाईमच्या रजिस्टरवर करतो,
उचल घेताना तर डोळे मिटून करतो.
तशाच चौदा केल्या, एका दमात, एकाच पेनानं.

सकाळी कस्तुरी कार्ड घेऊन उशाशी.
"पप्पा, ह्यो रविवार आलाच न्हाई की अजून."

पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट लागली, मग बसलो संध्याकाळी.
उंटाचं पुस्तक, शाळेच्या पेटीतलं, पाठीला खाकी टेप.
ती अक्षराखाली बोट ठेवते,
तिच्या बोटाखाली माझं, ठिणगीनं नख काळं पडलेलं.
उं-ट चा-ल-ला.
चालला, बरा चालला.
मग वाटेत एक जोडाक्षर आडवं बसलं
आणि उंट, कस्तुरी, मी, तिघंही थांबलो.
खरं सांगायचं तर मीच आधी थांबलो.
सातवीत शाळा सुटली, त्याला बावीस वर्षं झाली;
तेव्हापासनं वाचलेत ते बोर्ड, लाईटबिलं,
आणि भडंगाच्या पुडीचा कागद, तोही पुडी संपेपर्यंत.

बाईंनी बोलावून घेतलं.
"ग उलटा काढते हो. कधी कधी र सुद्धा. घरी जरा बघा."
बघतो म्हणालो,
आणि सायकलवर पार यादवनगरापर्यंत एकटाच हसत आलो.
उलटी अक्षरं! जन्म गेला की बाई त्यात माझा.
उद्यमनगरात, काळ्या वाळूच्या साच्यात,
कंपनीचं नाव, नंबर, बाण, सगळं उलटंच बसलेलं.
लोखंड ओतावं, निवू द्यावं, वाळू झाडावी.
मग सुलटं होतं.
घाई केली की भाजतं.

दार आपटू नये म्हणून आमच्यात पंपाचं झाकण लावतात,
रिजेक्ट माल, 'ल्हा'त हवा धरलेली,
वर ठळक उठाव: कोल्हापूर.
रविवारी ते घासून धुतलं
आणि दाबलं कणकेच्या गोळ्यावर.
"चपात्या करायच्यात हितं, कारखाना काढायचा न्हाई!"
मालकिणीचा आवाज.
उचललं, तर कणकेत अख्खं गाव पाठमोरं.

कस्तुरी गोळा घेऊन आरशाकडं पळाली.
बराच वेळ आलीच नाही.
आली ती नाकाला पीठ लावून:
"ल अर्धाच हाय, पप्पा. हा ला टेकून उभारलाय."
"व्हय. एकटा पडतो त्यो."

लाटताना गाव पसरत पसरत गेलं,
तरी पहिली चपाती तिनं दुसऱ्या कुणाला दिली नाही.

उंट आता विहिरीपर्यंत आलाय.
ग अजून मधनंच तोंड फिरवतो, फिरवू दे.
काल अर्ध्या पानावर लाईट गेली.
मी मोबाईल चाचपडतोय, तर अंधारात
ही आपली पुढं वाचतच राहिली,
पान उलटल्याचा आवाजसुद्धा केला.
उंटाला एक बहीण मिळाली, पुस्तकात नसलेली,
आणि दोघं मिळून रंकाळ्यावर भेळ खायला गेली.

नऊ मिनिटं उजेडात झाली होती,
बाकीची अशी.
शेऱ्याची जागा लहान आहे कार्डावर,
म्हणून मागच्या बाजूला लिहून विचारतो, बाई:
ह्याची सही करू का?